डोंगराच्या पोटातली दगडखाण कशी वाचावी: रायगेटच्या वालुकाश्माचा माग, टेकडीपासून भिंतीपर्यंत

कोकणात वाढलेल्या माणसाला दगडाची खाण म्हटलं की उघडी चिरेखाण आठवते. वरची माती खरवडायची, तांबडा जांभा मोकळा करायचा आणि थराथराने खाली उतरत चिरे काढायचे. काम करणाऱ्याच्या डोक्यावर आभाळ असतं. त्यामुळे लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात पहिल्यांदा हेल्मेट घालून, कंबरेत वाकून एका जुन्या दगडखाणीत शिरलो तेव्हा मनात एकच प्रश्न होता. कोळसा नाही, सोनं नाही, साधा बांधकामाचा दगड. त्यासाठी माणसं एवढ्या अंधारात का शिरली?

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना अशी खाण पाहण्याची एक पद्धत हाताला लागली. खाणवाल्याने ज्या क्रमाने काम केलं, त्याच क्रमाने आपणही पाहत जायचं: आधी टेकडी, मग थर, मग तोडणी, मग छत, मग वाहतूक आणि शेवटी ज्या भिंतीत तो दगड बसला ती भिंत. ती पद्धत इथे मांडतो. उदाहरण म्हणून रायगेट, गॅटन, मर्स्टम, चॉल्डन आणि गॉडस्टोन या पट्ट्यातल्या खाणी घेतल्या आहेत. इथून निघणाऱ्या वालुकाश्माला ‘रायगेट स्टोन’ म्हणतात. वेस्टमिन्स्टर ॲबी, टॉवर ऑफ लंडन, विंडसरचा किल्ला आणि हॅम्प्टन कोर्ट या सगळ्या इमारतींत तो आहे.

आत जाण्याआधी

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण इथे हयगय चालत नाही. बंद पडलेल्या खाणीत एकट्याने किंवा परवानगीशिवाय शिरू नका. या भागातल्या खाणींवर ‘वेल्डन केव्ह अँड माइन सोसायटी’ ही हौशी संशोधकांची संस्था अनेक वर्षं काम करते आहे. ज्या थोड्या वाटा उघड्या राहिल्या आहेत त्यांना लोखंडी दारं आहेत, आणि आत जायचं तर अशा जाणत्या मंडळींबरोबरच जायचं. डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, शिवाय प्रत्येकाकडे आणखी दोन वेगळे दिवे हवेत. पायांत घट्ट बूट, अंगात जाड कपडे, कारण उन्हाळ्यातही आत सुमारे १० अंश सेल्सिअस एवढंच तापमान असतं. बाहेर एका माणसाला आपण कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे सांगून ठेवायचं, आणि तोपर्यंत आलो नाही तर कोणाला फोन करायचा हेही. हिवाळ्यात या खाणींत वटवाघळं झोपी जातात. ब्रिटनमध्ये त्यांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून त्या महिन्यांत बरीच दारं बंदच ठेवतात.

एक गोंधळ इथेच मिटवतो. रायगेट गावात लोकांना दाखवल्या जाणाऱ्या ‘बॅरन्स केव्ह’ आणि ‘टनेल रोड’ इथल्या गुहा म्हणजे या दगडखाणी नव्हेत. त्या मऊ वाळूच्या वेगळ्या थरात कोरलेल्या आहेत. खुल्या दिवशी त्या जरूर पाहाव्यात, डोळ्यांना अंधाराची आणि पायांना उतरणीची सवय होते. पण आपला दगड त्यांच्या उत्तरेला, टेकडीच्या पायथ्याशी आहे.

पहिली पायरी: टेकडी बाहेरून वाचा

नॉर्थ डाउन्सची टेकड्यांची रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे. दक्षिणेकडे तोंड करून तिचा उभा कडा उतरतो. वर पांढऱ्या चॉकचा, म्हणजे मऊ चुनखडकाचा जाड थर. कड्याच्या तळाशी, चॉकच्या खाली, ‘अपर ग्रीनसँड’ नावाचा हिरवट वालुकाश्म. त्याच्याही खाली ‘गॉल्ट’ नावाची निळसर चिकणमाती. हे थर सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचले, आणि आज ते उत्तरेकडे हळूहळू कलत चॉकच्या खाली गेले आहेत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर या कलण्यात होतं. वालुकाश्म उघडा दिसतो तो पायथ्याशी एका अरुंद पट्ट्यात. तिथला दगड सुरुवातीला उघड्यावर काढता येतो. पण थराचा पाठलाग करत उत्तरेकडे काही पावलं गेलं की वर चॉकचं ओझं वाढत जातं. चिरेखाणीवाला हात-दोन हात माती काढून मोकळा होतो. इथे अख्खी टेकडी बाजूला करावी लागली असती. त्यापेक्षा थराला धरून आत शिरणं स्वस्त पडलं.

पायथ्याच्या पायवाटेवर फिरताना तीन गोष्टी शोधा. एक, कड्याखाली थोडी सपाट, पायरीसारखी पट्टी: ती या वालुकाश्माची. दोन, झरे: चॉक आणि वालुकाश्मातून झिरपलेलं पाणी गॉल्टच्या मातीवर अडतं आणि बाहेर येतं. तीन, खोल गेलेल्या जुन्या गाडीवाटा आणि झाडीतले वाटोळे खड्डे. असा खड्डा खाली छत कोसळल्याचा असू शकतो, तेव्हा त्याच्या काठावर जाऊ नका. सोबत ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेचा नकाशा ठेवा. तो त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि थरांच्या सीमा नेमक्या कळतात.

दुसरी पायरी: दगड हातात घ्या

पायथ्याशी पडलेला एखादा तुकडा उचला. रंग राखाडी, त्यात हिरवट झाक. भिंगातून पाहिलं तर ग्लॉकोनाइट या खनिजाचे हिरवे कण आणि अभ्रकाची चमक दिसते. हातात तो अपेक्षेपेक्षा हलका लागतो, कारण आत बारीक छिद्रं भरपूर आहेत. त्यात चुन्याचा अंश आहे, आणि अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपातली ओपलसारखी सिलिकाही. हे लक्षात ठेवा. हा दगड कोरायला लोण्यासारखा का आहे आणि लंडनच्या पावसात तो का टिकला नाही, या दोन्हींची मुळं इथेच आहेत.

खाणीतून नुकताच काढलेला ओला दगड मऊ असतो. आपल्या जांभ्याचंही असंच: खाणीत चिरा सहज तासला जातो आणि बाहेर हवेवर राहिला की कणखर होतो. दोन्हींमागची रसायनं वेगळी आहेत, पण कारागिराला मिळणारी सोय तीच.

सगळा थर मात्र एका प्रतीचा नसतो. एकजीव, कुठल्याही दिशेने कोरता येणारा दगड इमारतींच्या नक्षीकामाला जायचा. उष्णता सोसणाऱ्या दगडाला ‘फायरस्टोन’ म्हणत. तो चुली, भट्ट्या आणि काचेच्या कारखान्यांसाठी जाई. अगदी मऊ तो ‘हार्थस्टोन’: घराच्या पायऱ्या आणि चुलीपुढची फरशी पांढरी करायला बायका तो घासत. बांधकामासाठीची मागणी आटल्यावर याच हार्थस्टोनने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या काही खाणी चालू ठेवल्या. ही नावं जुन्या कागदांत सैलपणे वापरलेली आढळतात, म्हणून नावावरून प्रत ठरवू नका. दगड पाहा.

तिसरी पायरी: तोडणीचा क्रम भिंतीवर शोधा

आता आत. शिरताच लांब चालत सुटू नका. पहिली अस्सल खडकाची भिंत दिसली की थांबा आणि दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरा. समोरून टाकलेल्या उजेडात भिंत सपाट वाटते. तिरक्या उजेडात तिच्यावरची प्रत्येक खूण उभी राहते.

सुरुंगाची दारू इथे कामाची नव्हती. दारूने दगड फुटतो, आणि फुटलेला दगड गवंड्याच्या उपयोगाचा नाही. काढायचा होता सरळ कडांचा, अखंड ठोकळा. खाणवाला आधी थरातल्या नैसर्गिक भेगा पाहायचा. खडक ज्या सांध्यांवर आपणहून सुटतो तिथे मेहनत वाचते. मग टिकावाने उभी खाच खणायची, ठोकळ्याच्या बाजूने, जेमतेम हत्यार फिरेल एवढी. खाच जेवढी रुंद तेवढा चांगला दगड भुगा होऊन वाया, म्हणून खाचेची रुंदी पाहिली की काम करणाऱ्याची काटकसर आणि हात दोन्ही समजतात. बाजू मोकळ्या झाल्या की थराच्या सांध्यात लोखंडी पाचरी ठोकायच्या, एकेक करून, सगळ्यांवर सारखा ताण येईल अशा. शेवटी पहार घालून ठोकळा पुढे ओढायचा.

भिंतीवरचे टिकावाचे ओरखडे किंचित वाकलेले, एकाखाली एक पडलेले असतात. त्यांचा कल कुठून कुठे जातो ते पाहा. माणूस कोणत्या बाजूला उभा राहून घाव घालत होता ते कळतं. काही ठिकाणी ओरखडे कमरेच्या खालीच सुरू होतात, म्हणजे तो गुडघ्यावर बसून काम करत होता. मी पाहिलेल्या एका भिंतीत एक ठोकळा तसाच राहून गेला होता. तीन बाजूंनी खाचा पूर्ण, कडा सरळ, आणि मध्येच आरपार एक बारीक तडा. तो तडा दिसला त्या दिवशी त्या माणसाने टिकाव खाली ठेवला आणि शेजारचा ठोकळा धरला. खाचेच्या तळाशी शेवटच्या घावाचं टोक अजून धारदार आहे. मी तिथे बराच वेळ बसलो होतो.

चौथी पायरी: टाकलेला दगड पाहा

या सगळ्यात ही पायरी मला महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक पाहुणे नेमकी हीच चुकवतात. त्यांना वाटतं की समोरचा बोगदा हीच खाण. तसं नाही.

ठोकळे काढताना भुगा, चिपा आणि निकामी तुकडे यांचा ढीग पडतो. तो बाहेर नेऊन टाकायचा तर प्रत्येक फेरीला मजुरी, आणि त्या फेरीतून पैसा शून्य. म्हणून तो कचरा तिथेच, जिथला दगड काढून झाला त्या पोकळीत, मागच्या मागे भरत जायचा. कडेला मोठे तुकडे रचून चुन्याशिवायची सुकी भिंत उभी करायची आणि तिच्यामागे चुरा कोंबायचा. या भरावाने दोन कामं साधायची: कचऱ्याची सोय लागायची आणि छताला टेकू मिळायचा. भरावामधून ये-जा करायला जेवढी गल्ली लागेल तेवढीच मोकळी ठेवायची.

म्हणजे आज आपण चालतो तो बोगदा हा खाणीचा उरलेला रिकामा भाग आहे. खरी खाण, माणसांनी खणलेली सगळी पोकळी, डाव्या-उजव्या भिंतींच्या मागे भरलेली आहे. हे एकदा डोक्यात बसलं की आतल्या जागेचा अर्थच बदलतो.

भिंत खडकाची की रचलेली, हे दर काही पावलांवर तपासा. खडकावर टिकावाच्या खुणा असतात. रचलेल्या भिंतीत सांधे दिसतात, खाली थोराड तुकडे आणि वर लहान. छताजवळ पाहिलंत तर शेवटच्या बोटभर फटीत चपट्या चिपा हाताने आत सारलेल्या दिसतील. भराव छताला टेकलाच नाही तर तो कसला टेकू, म्हणून ती मेहनत. हात मात्र लावू नका. एक चीप सुटली तर तिच्यामागचं सगळं ओझं सुटू शकतं. भिंतीला पोट आलेलं दिसलं तर तिथे रेंगाळू नका.

कुठे कुठे न तोडलेल्या खडकाचे खांबही सोडलेले आहेत. खांब म्हणजे खाणमालकाने मुद्दाम सोडलेला पैसा. तो जाड आहे की बारीक, आणि नंतर कोणी त्याच्याही कडा तासून नेल्या आहेत का, हे पाहा. कडा खाल्लेला खांब दिसला की समजावं, खाणीच्या अखेरच्या काळात कोणीतरी छताचा धोका पत्करून उरलंसुरलं काढलं.

कुठलं काम आधीचं हेही भराव सांगतो. जुन्या वाटेवरचे चाकांचे ओघळ रचलेल्या भिंतीच्या खाली शिरत असतील, तर वाट आधीची आणि भिंत नंतरची. अशा दहा-बारा जागा टिपून ठेवल्या की कागदपत्रांशिवायही कामाचा क्रम लागत जातो.

वेरूळ-अजिंठ्याची आठवण इथे येणारच. तिथल्या कारागिराने काढलेला दगड फेकला आणि उरलेल्यात लेणं घडवलं. इथे काढलेला दगड हेच धन, आणि उरलं ते कोणासाठीही घडवलेलं नव्हतं. म्हणून लेण्यात शिल्प पाहायचं आणि खाणीत भराव.

पाचवी पायरी: पाणी आणि उजेड

थर उत्तरेकडे उतरता आहे, म्हणून काम जसं आत जाई तसं ते उताराला लागे. पाणीही तिकडेच धावे, नेमकं जिथे माणसं खणत होती तिथे. पाणी काढून देणारा चर किंवा निचऱ्याचा बोगदा नसेल तर चांगला दगड समोर असूनही काम सोडावं लागे. भिंतींवर आडव्या मळकट रेघा दिसल्या तर त्या पाण्याच्या जुन्या पातळीच्या आहेत. खोल भागात पाणी अजूनही आहे, आणि ते इतकं नितळ असतं की त्याचा पृष्ठभाग दिसत नाही. पाऊल टाकण्याआधी काठीने तपासा.

उजेडासाठी चरबीच्या मेणबत्त्या. भिंतीत मूठभर आकाराचा कोनाडा आणि त्याच्यावर छताकडे गेलेली काजळीची जीभ दिसली, की तिथे कोणीतरी तासन्‌तास काम केलं आहे. काजळीने लिहिलेली आद्याक्षरं, हिशेबाच्या उभ्या रेघा आणि सालही दिसतात. साल वाचलं की लगेच खाणीला चिकटवू नका, कारण नंतर आलेल्या हौशी पाहुण्यांनीही भिंती रंगवल्या आहेत. फोटो घ्या, शेजारी मापाची पट्टी ठेवा, बोट फिरवू नका.

सहावी पायरी: दगड बाहेर कसा गेला

गल्लीच्या वळणावर कोपरे पाहा. लादलेल्या गाड्या घासून जिथे कडा गुळगुळीत झाली आहे, ती मुख्य वाट.

बाहेर आल्यावर खरी अडचण सुरू व्हायची. मर्स्टमहून लंडन सुमारे ३० किलोमीटर. लंडनखाली चिकणमाती आणि चॉक, कोरण्याजोगा दगड नाहीच. इतक्या जवळचा कोरीवकामाचा दगड हा एवढाच, म्हणून त्याला भाव. फ्रान्सच्या काँ शहराकडचा दगड समुद्रातून आणि केंटचा नदीतून बोटीने येई. रायगेटच्या दगडाला मात्र बैलगाड्या-घोडागाड्यांवर निदान थेम्सपर्यंत तरी खडखडत जावं लागे.

पुढे लोखंडी रूळ आले. वॉन्ड्सवर्थ ते क्रॉयडन ही ‘सरे आयर्न रेल्वे’ १८०३ साली सुरू झाली आणि १८०५ साली ‘क्रॉयडन, मर्स्टम अँड गॉडस्टोन आयर्न रेल्वे’ मर्स्टमपर्यंत पोचली. नावात गॉडस्टोन असलं तरी तिथवर ती गेलीच नाही. काटकोनात वाकवलेल्या ओतीव लोखंडी पट्ट्या, खाली दगडी ठोकळे, आणि ओढायला घोडे. १८०५ च्या जुलैत लोकांसमोर एक पैज लावली गेली. एका घोड्याने दगडाने भरलेल्या १२ गाड्या, प्रत्येकी ३ टनांहून जड, क्रॉयडनच्या दिशेने सहा मैल ओढून दाखवल्या. रस्ता किंचित उताराचा होता हे खरं, पण चिखलातल्या गाडीवाटेवर एवढ्या ओझ्याला घोड्यांचा तांडा लागला असता. वाफेची रेल्वे आली आणि १८३८ साली हा मार्ग बंद झाला.

शेवटची पायरी: भिंतीपाशी उभे राहा

डोम्सडे बुकात, म्हणजे १०८६ सालच्या नोंदवहीत, याच थराच्या पट्ट्यातल्या लिम्प्सफील्ड गावी दगडखाणीची नोंद आहे. तिसऱ्या हेन्रीने १२४५ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबी नव्याने बांधायला घेतली, आणि तिच्या १२५३ च्या बांधकाम-हिशेबांत रायगेटचा दगड येतो. चौदाव्या शतकात तिसऱ्या एडवर्डच्या विंडसरमधल्या कामांनाही तो गेला. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये नॉनसच राजवाडा उभारताना बंद केलेल्या मर्टन मठाचे दगड राजवाड्याच्या पायाभरणीत घातले, त्यातही हाच कोरीव दगड होता. तो १९५९-६० च्या उत्खननात पुन्हा उजेडात आला. मातीत गाडला गेल्यामुळे त्याची नक्षी वाचली होती.

उघड्यावरच्या दगडाचं नशीब वेगळं. ॲबीची देखरेख पाहणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने १७१३ साली लिहिलेल्या अहवालात नोंदवलं की बाहेरचा दगड चार इंचांपर्यंत खराब झाला आहे आणि त्याचे पापुद्रे सतत गळताहेत. छिद्रांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं. ओलं-कोरडं होत राहिल्याने आतली चिकणमातीची खनिजं फुगतात आणि आकसतात. कोळशाच्या धुरातला गंधक दगडातल्या चुन्याशी मिळून जिप्समची काळी साय धरतो आणि ती साय खालच्या दगडासकट सुटते.

भिंतीपाशी गेल्यावर आधी दगडातल्या थरांच्या रेषा शोधा. जमिनीत दगड जसा आडवा होता तसाच भिंतीत बसवला तर तो जास्त टिकतो. थर उभे करून बसवला तर पुस्तकाच्या पानांसारखा सुटतो. मग एकाच कमानीचे दोन भाग ताडून पाहा: पाऊस लागणारी बाहेरची बाजू आणि आडोशाची आतली. बाहेर कडा गोल झालेल्या, पृष्ठभाग फोडासारखा सुटलेला, कित्येकदा मूळ दगड जाऊन दुसराच बसवलेला. आत, खांबाच्या मागच्या अंगाला, जिथे ओल पोचली नाही, तिथे छिन्नीच्या रेघा अजून मोजता येतात. खिशातला छोटा दिवा काढा आणि खाणीत धरला होता तसाच तिरका धरा.